बोलून खेळायचे खेळ: संवादप्रधान रोल-प्लेइंग गेम आतून कसे चालतात

आज आपण व्हिडिओ गेमबद्दल बोलणार आहोत. तुमच्यापैकी अनेकांनी हा प्रकार फक्त लांबून पाहिलेला असेल. घरातला मुलगा किंवा भाची हेडफोन लावून बसलेली, स्क्रीनवर बंदुका, आणि जेवायला हाक मारली की ‘आले पाच मिनिटांत’. त्या गेमबद्दल आज फारसं बोलायचं नाही. आजचे गेम असे आहेत की त्यात खेळणारा तासन् तास फक्त बोलतो. प्रश्न विचारतो, उत्तर देतो, खोटं बोलतो, कधी माफी मागतो. हत्यार उचलायची वेळ क्वचित येते, काही ठिकाणी तर येतच नाही.

आमच्यासमोरचा प्रश्न असा आहे: संवाद हा खेळाचा नियम कसा होऊ शकतो? मारामारीचा नियम समजायला सोपा आहे. तुमच्याकडे शंभर गुण, समोरच्याकडे पन्नास, वार केला की दहा कमी. पण ‘समजूत घातली’, ‘विश्वास बसला’, ‘मन दुखावलं’ यांचं गणित कसं मांडायचं? एक इशारा आधीच देतो. काही गेमचे शेवट आम्ही सांगणार आहोत, त्याशिवाय हा विषय उलगडत नाही.

टेबलावरून संगणकात येताना काय हरवलं

‘रोल-प्लेइंग’ म्हणजे सोंग घेऊन खेळणं. या खेळांचं मूळ संगणकात नाही, टेबलावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण पंच होऊन गोष्ट पुढे नेतो आणि शंका आली की फासे टाकले जातात. प्रत्येक पात्राचे सहा मूळ गुण कागदावर लिहिलेले असतात. त्यात ताकद आणि चपळाई आहे, तसं ‘करिष्मा’सुद्धा आहे, म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची क्षमता. थोडक्यात, बोलणं हे पहिल्या दिवसापासून नियमांत होतं.

टेबलावर ते चालायचं, कारण पंच माणूस होता. तुम्ही पहारेकऱ्याला म्हणालात, ‘काका, आत माझी म्हातारी आई आहे हो’, तर पंच क्षणभर विचार करून ठरवू शकायचा की हा पहारेकरी विरघळेल की नाही. संगणकाला हे कुठून जमणार? त्याला बेरीज-वजाबाकी उत्तम येते. म्हणून हे खेळ संगणकावर आले तेव्हा मारामारी जशीच्या तशी आली आणि संवाद आक्रसला. या गेममध्ये लढाई इतकी का, याचं एक मोठं कारण हे आहे. लढाई मोजता येत होती.

तरी प्रयत्न झाले. १९६६ साली एमआयटीमध्ये जोसेफ वायझनबॉम यांनी ‘एलायझा’ या प्रोग्रॅमचं काम प्रसिद्ध केलं. तो तुमच्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा आणि प्रश्न परत तुमच्याकडे वळवायचा. तुम्ही आईचा उल्लेख केला की तो म्हणणार, घरच्यांबद्दल आणखी सांगा. त्याला कळत काहीच नव्हतं. पण लोक त्याच्याशी मनातलं बोलू लागले आणि हे पाहून खुद्द वायझनबॉम अस्वस्थ झाले. १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांच्या ‘अल्टिमा ४’मध्ये खेळणारा गावकऱ्यांशी शब्द टाइप करून बोलायचा. ‘नाव’ लिहिलं की नाव, ‘काम’ लिहिलं की धंदा. ही पद्धत गप्पांपेक्षा शब्दकोश चाळण्यासारखी होती. पण कुठला शब्द विचारायचा हे आधीचं बोलणं नीट ऐकल्याशिवाय कळायचं नाही, हा तिचा मोठा गुण.

पुढे पर्यायांची यादी आली. समोरचा बोलतो, खाली तीन-चार वाक्यं दिसतात, त्यातलं एक तुम्ही निवडता. आज बहुतेक संवादप्रधान गेम असेच चालतात.

फांद्यांचं गणित

यादी सोपी वाटते, पण लिहिणाऱ्याच्या बाजूने बघा. प्रत्येक वळणावर तीन पर्याय, आणि प्रत्येक पर्यायाची गोष्ट खरोखर वेगळी. दहा वळणांनंतर किती गोष्टी झाल्या? तीनचा दहावा घात, म्हणजे ५९,०४९. एका संध्याकाळच्या संवादासाठी एवढं कोण लिहिणार?

म्हणून लेखक दोन युक्त्या करतात. पहिली, फांद्या पुन्हा एकत्र आणणं. तुम्ही रागावून बोला की गोड बोला, दोन वाक्यांनंतर संवाद त्याच जागी येतो. ही युक्ती जास्त झाली की खेळणाऱ्याला कळतं, आपण काहीही निवडलं तरी गाडी एकाच रुळावर आहे. दुसरी युक्ती, लक्षात ठेवणं. फांद्या एकत्र येतात, पण गेम मागच्या मागे एक खूण करून ठेवतो: याने इथे खोटं बोललं, हिने त्या म्हातारीला मदत केली. पाच तासांनी भलतंच कुणीतरी त्याची आठवण काढतं. गोष्ट फारशी बदललेली नसते, पण आपलं बोलणं कुणीतरी ऐकलं होतं असं वाटतं. चांगला संवादप्रधान गेम या दुसऱ्या युक्तीवर उभा असतो.

बोलणं म्हणजे किल्ली?

आता प्रत्यक्ष उदाहरणं. १९९७ चा ‘फॉलआउट’. अणुयुद्धानंतरचं कॅलिफोर्निया. ‘मास्टर’ नावाचा खलनायक सगळ्या माणसांना एका विषाणूच्या टाक्यांत बुडवून राक्षसी उत्परिवर्ती बनवू पाहतो आहे. त्याचा युक्तिवाद असा की सगळे एकसारखे झाले की भांडण संपेल. त्याच्याशी लढता येतं, त्याचा तळ उडवता येतो आणि त्याच्याशी बोलताही येतं.

पण नुसतं ‘असं करू नकोस’ म्हणून भागत नाही. त्याचे उत्परिवर्ती वांझ आहेत, त्यांना मुलं होणार नाहीत, हे तुम्ही आधी फिरून, विचारपूस करून शोधलेलं असावं लागतं आणि पुरावा सोबत असावा लागतो. तो समोर ठेवला की मास्टरला कळतं, आपण जे वाचवायला निघालो ते एका पिढीत संपणार आहे. तो स्वतःच आपला तळ नष्ट करतो. खलनायक हरतो तो पटल्यामुळे.

हा प्रसंग नावाजला गेला, पण त्याची नक्कल झाली ती सोप्या भागाची. पुढच्या अनेक गेममध्ये ‘वक्तृत्व’ ही एक किल्ली झाली. पर्यायाच्या आधी कंसात कौशल्याचं नाव लिहिलेलं असतं, तुमचे गुण पुरेसे असले की ते वाक्य दाबायचं आणि दार उघडतं. खेळणारा वाक्य वाचतही नाही. कंस दिसला की तेच उत्तर बरोबर. म्हणजे संवाद आला, पण ऐकणं गेलं. आजच्या व्याख्यानाचा मुद्दा इथे आहे: समोरच्याला हरवण्यासाठी बोलणं आणि समोरच्याला समजून घेण्यासाठी बोलणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गेमचे नियम यांतली एक शिकवतात.

खरं आणि खोटं, वाक्य तेच

१९९९ च्या डिसेंबरात ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ आला. ब्लॅक आयल स्टुडिओ, मुख्य रचनाकार ख्रिस अव्हेलोन. यातला मजकूर सुमारे ८ लाख शब्दांचा असल्याचं सांगतात. नायकाला नाव नाही. तो शवागारात जागा होतो, अंगभर व्रण, आठवण शून्य. तो मरत नाही. मेला की पुन्हा उठतो. म्हणजे इतर गेममधली सगळ्यात मोठी भीती, मरण, इथे पहिल्याच झटक्यात काढून टाकली आहे. मग पणाला काय लागतं? मागच्या जन्मांत आपण कुणाकुणाचं काय केलं, ते हळूहळू कळणं. आणि ते कळतं बोलण्यातून. म्हणून या खेळात ताकदीपेक्षा शहाणपणाचे गुण वाढवणारा जास्त पाहतो आणि जास्त आठवतो.

यातली एक बारीक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. काही ठिकाणी यादीत एकच वाक्य दोनदा येतं. एकाच्या आधी लिहिलेलं असतं ‘खरं’, दुसऱ्याच्या आधी ‘खोटं’. ‘मी तुला मदत करीन’, मनापासून. आणि ‘मी तुला मदत करीन’, थाप. समोरच्याला ऐकू येणारे शब्द तेच. फरक फक्त तुमच्या मनात आहे आणि गेम तो नोंदवतो. त्यावरून नायकाचा स्वभाव घडत जातो. शब्दांच्या मागचा हेतू हा खेळाचा नियम झाला.

थापेची आणखी एक गंमत. नायक लोकांना आपलं नाव ‘अडान’ असं खोटंच सांगू शकतो. पुष्कळ जणांना सांगितलं, तर पुढे अडान नावाचा माणूस खरोखर भेटतो. या जगात श्रद्धेने वस्तू घडतात, असं गेम आधीपासून सांगत असतो; इथे ते तुमच्याच तोंडून सिद्ध होतं.

या गेममध्ये रॅव्हेल नावाची चेटकीण नायकाला विचारते की माणसाचा स्वभाव कशाने बदलतो. समोर उत्तरांची लांब यादी येते. प्रेम, पश्चात्ताप, मरण, काहीच नाही. गेम यातलं एकही उत्तर ‘बरोबर’ ठरवत नाही. आणि शेवटी नायकासमोर जो शत्रू उभा राहतो, ते त्याचंच मर्त्यपण आहे, त्याच्यापासून तुटून वेगळं झालेलं. त्याच्याशी लढता येतं, पण पुरेसं शहाणपण असेल तर त्याला बोलून पुन्हा स्वतःत सामावून घेता येतं.

डोक्यातले चोवीस आवाज

त्यानंतर वीस वर्षांनी, १५ ऑक्टोबर २०१९ रोजी, ‘डिस्को एलिसियम’ आला. एस्टोनियात सुरू झालेल्या झेडए/यूएम या गटाने केलेला. मुख्य लेखक आणि रचनाकार रॉबर्ट कुर्विट्झ. रेव्हाशोल नावाचं काल्पनिक शहर, त्यातला पडझड झालेला मार्टिनेझ भाग. एका वसतिगृहामागे झाडाला प्रेत लटकतंय. तपासाला आलेला पोलीस अधिकारी मात्र तीन दिवस इतका प्यायलाय की त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. तो म्हणजे तुम्ही.

यात लढाईची वेगळी व्यवस्थाच नाही. गोळीबार होतो, तोही संवादाच्या त्याच रकान्यात, वाक्यावाक्याने. स्क्रीनच्या उजव्या बाजूला मजकूर वर सरकत राहतो. एकूण शब्द दहा लाखांहून अधिक, म्हणजे दहा जाडजूड कादंबऱ्या.

इथली कौशल्यं चोवीस. बुद्धी, मन, शरीर आणि हालचाल असे चार गट, प्रत्येकात सहा. पण ही कौशल्यं बोलतात. तुम्ही साक्षीदाराला प्रश्न विचारत असता आणि मध्येच ‘एम्पथी’ कुजबुजते की बाई हसतेय पण घाबरलीय. ‘लॉजिक’ म्हणतं की वेळेचा हिशोब जुळत नाही. ‘ड्रामा’ नाटकी थाटात ‘महाराज, हा खोटं बोलतोय’ म्हणतो, आणि ‘इलेक्ट्रोकेमिस्ट्री’ला फक्त पुढचा पेला दिसत असतो. बरेचदा फासे पडतच नाहीत. गेम गुपचूप बघतो की तुमचा अमुक गुण पुरेसा आहे का. असेल तर तो आवाज बोलतो, नसेल तर गप्प. त्यामुळे दोघे जण तोच संवाद खेळले तरी दोघांना वेगळी वाक्यं दिसतात.

आणि गुण जास्त म्हणजे चांगलंच, असंही नाही. ‘ड्रामा’ फार वाढला की सगळीकडे कारस्थान दिसू लागतं. ‘अथॉरिटी’ वाढली की प्रत्येकाने मान द्यावा असा हट्ट सुरू होतो. आपल्या स्वभावातलं जे बळ तेच अडचण, हे कुठल्याही घरात दिसतं; इथे ते नियमांत बसवलंय.

फासे आणि ऐकणं

मोठ्या प्रसंगी दोन फासे पडतात. फाशांची बेरीज अधिक तुमचं कौशल्य, आणि ती ठरलेल्या आकड्याएवढी किंवा जास्त हवी. समजा कौशल्य ४ आहे आणि आकडा १२. म्हणजे फाशांवर किमान ८ हवेत. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी अशा १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. दोन एक्के पडले तर काहीही असो, हरलात. दोन छक्के पडले तर काहीही असो, जिंकलात. अगदी अशक्य गोष्टीतही ३ टक्के आशा उरते.

आता खरी मेख. या आकड्यात तुमच्या आधीच्या बोलण्याने भर पडते किंवा घट होते. कुणाशी आधी नीट बोललात, एखादी बारीक गोष्ट टिपलीत, तर अधिक एक, अधिक दोन. अधिक दोन मिळाले की फाशांवर ८ ऐवजी ६ पुरतात आणि ४२ टक्क्यांचे ७२ होतात. बोलता बोलता अपमान केलात, तर वजा. म्हणजे दैव आहे, पण त्याला कान आहेत.

चाचण्या दोन रंगांच्या. पांढरी चुकली तर ते कौशल्य वाढवून पुन्हा करता येते. लाल एकदाच. काही वाक्यं आयुष्यात एकदाच बोलता येतात, हे त्या लाल रंगाचं म्हणणं.

आणि हरलं तर? इथे या गेमचा मोठेपणा आहे. सुरुवातीलाच वसतिगृहाचं बिल थकलेलं असतं आणि तुम्ही मॅनेजरसमोरून पळ काढू शकता. चाचणी फसली तर आपले साहेब पळता पळता मागे वळून मॅनेजरला हाताने नको ती खूण करतात आणि व्हीलचेअरवर बसलेल्या एका बाईंवर जाऊन आदळतात. लाज वाटते, हसूही येतं, पण गोष्ट थांबत नाही. उलट अपयशातून असे प्रसंग घडतात, जे जिंकणाऱ्याला दिसतच नाहीत. म्हणून जुना गेम पुन्हा ‘लोड’ करून फासे बदलण्याचा मोह इथे कमी होतो.

याच गेममध्ये एक बाई नवऱ्याची वाट बघतेय. तो घरी आलेला नाही. पुढे समुद्रकाठच्या लाकडी वाटेवर त्याचा मृतदेह सापडतो. खून नाही, कट नाही, अपघात. तिच्या दारात जाऊन ते सांगावं लागतं. मुख्य तपासाचा या कामाशी संबंध नाही आणि इथे जिंकायचंही काही नाही. कुठलंही वाक्य निवडलं तरी बातमी तीच. तरीही खेळणारा यादीवर थांबतो, कारण बातमी बदलत नसली तरी ती कशी सांगायची हे त्याच्या हातात आहे. बोलणं ही किल्ली नसते तेव्हा काय असतं, याचं याहून चांगलं उत्तर आम्हाला कुठल्या गेममध्ये सापडलेलं नाही.

चुकीच्या माणसाला फाशी

शेवटचं उदाहरण, २०२२ चा ‘पेंटिमेंट’. ऑब्सिडियनचा गेम, दिग्दर्शक जॉश सॉयर. सोळाव्या शतकातलं बव्हेरिया, टासिंग नावाचं काल्पनिक गाव आणि त्याचा मठ. तुम्ही आंद्रेआस नावाचे चित्रकार. १५१८ साली एका सरदाराचा खून होतो. तुमच्या वयोवृद्ध गुरुजींवर आळ येतो आणि त्यांना सोडवायचं तर खरा गुन्हेगार दाखवायला हवा.

इथे फासेही नाहीत. कुणाला पटवायची वेळ आली की गेम तुमची मागची वाक्यं एकेक करून समोर मांडतो: तेव्हा असं बोललात, अधिक, तेव्हा तसं टोचलंत, वजा. दिवस मोजके असतात. आज या शेतकऱ्याच्या घरी जेवलात तर त्या विधवेकडे जायचं राहून जातं. सगळ्यांचं ऐकून घेणं शक्यच नाही. मग अर्धवट माहितीवर तुम्ही एक नाव घेता आणि त्या माणसाला सगळ्यांसमोर मारलं जातं. तो खरंच दोषी होता का, हे गेम कधीच सांगत नाही. पुढे १५२५ आणि १५४३ साली गोष्ट त्याच गावात परत येते, मुलं मोठी झालेली असतात, आणि त्यांच्या घरातली रिकामी जागा तुम्हाला ओळखीची असते.

फॉलआउटमध्ये चांगलं बोललं की सत्य जिंकलं. पेंटिमेंटमध्ये चांगलं बोलता येणं हाच धोका आहे, कारण तुमचं लोक ऐकतात. या पंचवीस वर्षांत हे खेळ इथवर आले.

प्रश्नोत्तरांतून

*यादीतून वाक्य निवडणं हा खेळ कसा? पुस्तकच वाचावं की.*

पुस्तकात खुनी कोण हे लेखक सांगतो आणि त्याची जबाबदारी लेखकाची. इथे नाव तुम्ही घेतलेलं असतं. वाक्य दुसऱ्याने लिहिलंय हे खरं, पण बोट तुमचं. त्या फरकातून जी अस्वस्थता येते, ती या खेळांची स्वतःची कमाई.

*आता एआय आलं. यादी कशाला, हवं ते टाइप करून बोलता येईल ना?*

हे २००५ मध्ये ‘फसाड’ नावाच्या गेममध्ये करून पाहिलं होतं. एका भांडणाऱ्या जोडप्याच्या घरी तुम्ही पाहुणे, हवं ते टाइप करा. गेम अनेकदा भलताच अर्थ घ्यायचा आणि तुम्हाला घराबाहेर काढायचा. समजण्याचा तो भाग आता नक्की सुधारेल. पण संवादाला वजन येतं ते परिणामामुळे. ‘खरं’ आणि ‘खोटं’ या दोन खुणा कुणीतरी विचारपूर्वक ठेवल्या होत्या. त्या बाईच्या दारातला प्रसंग जिंकता येऊ नये, हे कुणीतरी ठरवलं होतं. न संपणारं बोलणं मिळालं तरी, कुठलं वाक्य एकदाच बोलता येईल हे कुणीतरी ठरवायला लागेलच.

*इंग्रजी कच्चं असलेल्याने काय करावं?*

हा प्रश्न खरा आहे. मारामारीचा गेम भाषा न कळताही खेळता येतो, हे खेळ नाही येत. डिस्को एलिसियमची अनेक भाषांत भाषांतरं झाली, मराठीत नाही. तोवर आमचा सल्ला असा: पेंटिमेंटपासून सुरुवात करा. तो त्या मानाने छोटा आहे, वाक्यं स्क्रीनवर हळूहळू उमटतात आणि कठीण शब्दांचा खुलासा गेममध्येच मिळतो. शक्य असेल तर दोघांनी मिळून खेळा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मराठीत सांगायचं आणि उत्तर दोघांनी भांडून ठरवायचं. ज्या मुलाला तुम्ही जेवायला हाक मारता, त्याच्याच शेजारी बसा. काय निवडलंस, आणि का, एवढं विचारा. आजच्या विषयाचा सराव तिथेच सुरू होईल.